भाडं थकलं म्हणून कुलूप?

रात्रीचे सव्वाअकरा. मित्राचा फोन. "अरे, माझ्या खोलीला दुसरंच कुलूप आहे."

मला आधी वाटलं, अभ्यासिकेतून पेंगत आला असेल, एक मजला जास्त चढला असेल. पण नाही. नवी पेठेतली जुनी इमारत, दोन कॉटची खोली, दुसरी कॉट महिनाभर रिकामी. याचं दोन महिन्यांचं भाडं थकलेलं. संध्याकाळी मालक कोथरूडहून आले, जुनं कुलूप तोडलं, नवं लावलं आणि निघून गेले. आत लॅपटॉप, पुस्तकं, जातीच्या दाखल्यापासून बारावीच्या मार्कशीटपर्यंत सगळी ओरिजिनल कागदपत्रं. नऊ दिवसांवर परीक्षा.

आम्ही तिघं दोन स्कूटरवर चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." मग त्यांनीच मालकांना फोन लावला. मालक म्हणाले, मुलाला पाठवतो, अर्ध्या तासात सामान काढा. आम्ही काढलं. गादी, बादली, पुस्तकांची तीन खोकी. लॅपटॉप हातात आला तेव्हा तर जिंकल्यासारखंच वाटलं. जाताना मालकांच्या मुलाने आमच्याच पेनने एका कागदावर लिहून घेतलं की 'मी खोली स्वखुशीने खाली करत आहे', आणि मित्राने सही केली.

आता हिशोब बघा. कॉटचं भाडं साडेतीन हजार. दोन महिन्यांचे झाले सात. मालकांकडे डिपॉझिट होतं पाच. म्हणजे ज्यासाठी एक मुलगा रात्री बारा वाजता गादी खांद्यावर घेऊन जिना उतरला, तो वाद खरं तर दोन हजार रुपयांचा होता.

तुमच्यापैकी जे होस्टेलचं लिस्ट लागेना म्हणून बाहेर राहतात, त्यांना हे नवं नाही. तुमच्यासोबत झालं नसेल तर शेजारच्या फ्लॅटमध्ये झालं असेल. आणि अशा वेळी आपल्याकडे दोनच प्रकारची मुलं असतात. एक, जी मान खाली घालून निघून जातात, कारण 'चूक आपलीच ना, भाडं आपणच थकवलं'. दुसरी, जी एखादं रील बघून सांगतात, "टेन्शन नको घेऊ, कायद्याने तीन महिने कोणी काढूच शकत नाही." मला या दोघांशीही वाद घालायचाय.

आधी दुसऱ्यांशी.

ते तीन महिने खोटे नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम १५ म्हणतं की भाडं थकलं तर मालकाने आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची. ती दिल्यावर ९० दिवस थांबायचं, त्याआधी थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा दावाच लावता येत नाही. दावा लावला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह भरली, पुढचं भाडं नियमित भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीपायी त्याला काढण्याचा हुकूम होत नाही. केवढं मोठं संरक्षण आहे हे!

फक्त ते तुमचं नाही. कारण कायद्याच्या भाषेत तुम्ही बहुतेक भाडेकरू नाहीच आहात.

तुमच्या कराराचं पहिलं पान काढा. (काढा म्हणजे, असेल तर. त्यावर येतोच.) वर लिहिलेलं असेल 'लिव्ह अँड लायसन्स'. याचा अर्थ मालकाने तुम्हाला जागा भाड्याने दिलेली नाही, ठरावीक काळ वापरायची परवानगी दिली आहे. आपण बोलताना भाडं म्हणतो, करारात ते 'लायसन्स फी' असतं. आपण स्वतःला भाडेकरू म्हणतो, करारात आपण 'लायसन्सी' असतो. हा शब्दांचा खेळ नाही. याच एका शब्दामुळे तुमचा कायद्यातला रस्ता वेगळा होतो.

लायसन्सीसाठी कलम २४ आहे. परवानगीची मुदत संपली की जागा परत द्यायची. नाही दिली, तर मालक कोर्टाच्या लांब रांगेत न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. हा अधिकारी याच कामासाठी नेमलेला असतो. तिथून समन्स आलं की तुमच्याकडे ३० दिवस. तेवढ्यात प्रतिज्ञापत्र देऊन 'मला माझी बाजू मांडायची आहे' अशी परवानगी मागावी लागते. नाही मागितली, तर तुमचं म्हणणं न ऐकताच जागा खाली करण्याचा आदेश होऊ शकतो. शिवाय मुदत संपल्यावर जितके दिवस राहाल, तितक्या दिवसांची भरपाई ठरलेल्या फीच्या दुप्पट दराने. आठ हजारांची खोली सोळा हजारांना पडते.

मधल्याच महिन्यात भाडं थकलं तर काय, हे तुमच्या करारात लिहिलेलं असतं. साधारणपणे एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येतो, अशी ओळ असते. कुठे 'लॉक-इन'ची अट असते, कुठे पाच तारखेनंतर दररोज शंभर रुपये. ही पानं आपण वाचत नाही. एजंट टॅबवर बोट ठेवायला सांगतो, आपण अंगठा लावतो आणि चहाला जातो.

म्हणून रीलवाल्या मित्रांनो, 'तीन महिने कोणी काढू शकत नाही' या भरवशावर राहू नका. तुमच्याकडे वेळ कमी आहे. आणि दर महिन्याच्या एक तारखेला भाडं द्यायचं आपण कबूल केलंय, हेही खरंच आहे. अनेक मालक म्हणजे बिल्डर नव्हेत. निवृत्तीनंतर एका खोलीच्या भाड्यावर औषधांचा खर्च भागवणारे काका-काकूही असतात.

आता पहिल्यांशी, मान खाली घालून निघणाऱ्यांशी.

मालकाला जर एवढा सोपा रस्ता कायद्याने दिलाय, तर त्याने कुलूप का तोडावं? मला हाच मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायद्याने मालकाला सांगितलं, तुझं भाडं थकलं, मुदत संपली, ये, अर्ज कर, लवकर निकाल देतो. त्या बदल्यात अपेक्षा एकच, की तू स्वतः न्यायाधीश होऊ नकोस. अख्ख्या कायद्यात कुठेही मालकाला परस्पर कुलूप बदलायची, सामान बाहेर ठेवायची किंवा दारात चार माणसं उभी करायची मुभा नाही. भाडं थकलं म्हणून तुमचा लॅपटॉप किंवा मार्कशीट अडकवून ठेवायचाही अधिकार कायदा त्याला देत नाही. तुम्ही पैसे देणं लागता, ही एक गोष्ट. त्या पैशांसाठी तुम्हाला रात्री रस्त्यावर काढायचं, ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिली खरी असली म्हणून दुसरी बरोबर ठरत नाही.

आणि रात्री अकराला रस्त्यावर येणं मुलीसाठी काय असतं, ते मी सांगायला नको. गावाकडे घरी कळलं की पुढचा निरोप ठरलेला असतो, "बास झालं पुणे, ये परत." भाडं राहतं बाजूला, शिक्षण सुटतं.

वीज-पाणी तोडण्याचंही तेच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ नुसार मालक भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा अशा अत्यावश्यक सोयी योग्य कारणाशिवाय बंद करू शकत नाही. यातला शब्द पुन्हा 'भाडेकरू' आहे, त्यामुळे लायसन्सीने त्यावर डोळे मिटून विसंबू नये. पण २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत गरज आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगितलंय. मीटरचा फ्यूज काढून नेणाऱ्या मालकाला हे ऐकवायला हरकत नाही.

मालक असं का वागतात, याला एक जुनी भीतीही आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यात भाडेकरूला जबरदस्त संरक्षण होतं. त्यातून सुटायला मालकांनी लिव्ह अँड लायसन्सची वाट काढली. तर १९७३ मध्ये कायदा बदलला आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला जे लायसन्सी जागेत राहत होते, ते थेट संरक्षित भाडेकरू झाले! मुंबई-पुण्यातल्या कित्येक घरांमध्ये 'पोरं घुसली की निघत नाहीत' ही म्हण तेव्हापासून आजोबा नातवाला सांगत आलेत. आजचा कायदा तसा नाही. १९९९च्या कायद्याने लायसन्सीला बाहेर काढायची सोपी वाट मालकाला दिली. पण भीती वारशाने येते, कायदा वाचून येत नाही. तुमचे मालक दर अकरा महिन्यांनी करार नवा करायला लावतात, त्यामागे हीच भीती असते.

या अकरा महिन्यांबद्दल एक गैरसमज तर इतका पक्का आहे की वकिलांच्या मुलांनाही असतो. म्हणे, अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही. देशाच्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षाच्या वरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, तिथून ही युक्ती आली. पण महाराष्ट्रात कलम ५५ आहे. करार अकरा महिन्यांचा असो की दोन, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. आता तर हे घरबसल्या ऑनलाइन होतं. मालकाने नोंदणी केली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पण त्याच कलमातली दुसरी ओळ मला जास्त आवडते. नोंदवलेला करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली होती, याबद्दल तिथे राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरायचं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर. म्हणजे 'आपल्याकडे कागदच नाही, आपण काय बोलणार' असं म्हणून जो मुलगा गप्प बसतो, त्याला माहीतच नसतं की कागद नसणं ही मालकाची लंगडी बाजू आहे. माझ्या मित्राकडे कागद नव्हता. आणि त्या रात्री जो एकमेव कागद तयार झाला, त्यावर लिहिलं होतं 'स्वखुशीने'.

हे वाचून लगेच शर्ट वर करू नका. कॉट बेसिस हा प्रकार कायद्याला नीट दिसतच नाही. पाच जणांच्या फ्लॅटमध्ये करारावर नावं दोघांची असतात. त्यातला एक सिनिअर दीड वर्षापूर्वी नोकरी लागून बंगळुरूला गेलेला असतो. बाकीचे तिघं भाडं देतात कोणाला, तर त्या उरलेल्या एकाला, रोख. उद्या भांडण झालं तर तुम्ही तिथे राहत होता, हे दाखवायला तुमच्याकडे मेसचं कार्ड सोडून काय आहे? आणि मालक त्याच घरात राहत असतील तर तुम्ही पेइंग गेस्ट ठरता. पेइंग गेस्ट, होस्टेल, लॉज या सगळ्यांना कायद्याने लायसन्सीच्या व्याख्येतून वगळलंय. तिथे जे ठरलं असेल तेच तुमचं हत्यार. म्हणून ठरलेलं कुठेतरी लिहिलेलं असू दे. करारात नाव टाकून घ्या. नाहीच जमलं तर भाडं यूपीआयने द्या आणि नोटमध्ये 'ऑगस्ट भाडं, कॉट क्रमांक २' एवढं लिहा. 'पार्टी' आणि हसरा चेहरा टाकण्यापेक्षा ते बरं.

आणि भाडं थकणार हे दिसायला लागलं की मालकांचा फोन टाळू नका. आपण सगळे हेच करतो. जिन्यात चप्पल वाजली की लाइट बंद. मी स्वतः केलंय. पण मालकाच्या मनात 'हा पळणार' हे तेव्हाच बसतं. एक मेसेज टाका: काका, या महिन्याचं भाडं पंधरा तारखेपर्यंत देतो, आत्ता निम्मं पाठवतोय. निम्मं नसेल तर हजार पाठवा. हा मेसेज म्हणजे केवळ चांगुलपणा नाही, उद्या वाद झालाच तर तुमची द्यायची तयारी होती याचा तो पुरावा आहे. मालकांकडून काही लेखी आलं तर फोटो काढा. समन्स आलं तर ३० दिवस लक्षात ठेवा. आणि कुलूप बदललेलं दिसलंच, तर घाबरून सामान उपसायच्या आधी ११२ला फोन करा, कुलपाचा फोटो घ्या, आणि 'स्वखुशीने' असा शब्द असलेल्या कशावरही सही करू नका. चौकीत भाड्याचं रडगाणं सांगू नका. भाडं किती थकलं हा दिवाणी वाद आहे, ते साहेब बरोबरच म्हणतात. कुलूप तोडलं, कागदपत्रं अडकवली, धमकी दिली, एवढंच सांगा आणि लेखी तक्रारीची पोच मागा. आम्ही तिथे पाऊण तास वडिलांच्या सोयाबीनचे भाव सांगत बसलो होतो.

वकील परवडत नाही, असं म्हणाल. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुणालाही उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, कमी उत्पन्न असलेल्या इतरांनाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. मला तो त्या रात्री माहीत नव्हता.

पण सगळा भार विद्यार्थ्याच्या हुशारीवर टाकून मोकळं व्हायचं, हेही मला पटत नाही. मित्राचं भाडं का थकलं, ते तरी विचारा. तो सिनेमे बघत नव्हता. त्याचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत होतं. सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, तर बाहेर राहायला सरकार पैसे देतं, ती ही योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. त्यात जेवणाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. निवासाचे वीस हजार म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत. सतराशेत पुण्यात कॉट दाखवा, मी येतो राहायला. पण रक्कम राहू दे, ती वेळेवर तरी यावी. मालक महिन्याच्या एक तारखेला भाडं मागतो आणि हप्ता येतो तेव्हा येतो. वसतिगृहात जागा नाही म्हणून सरकारनेच ज्याला बाहेर राहायला सांगितलं, त्याचं भाडं सरकारच्याच उशिरामुळे थकतं, आणि कुलूप मात्र त्याच्या दारावर पडतं.

करोनाच्या वेळी, एप्रिल २०२० मध्ये, राज्याच्या गृहनिर्माण विभागाने मालकांना सूचना दिली होती की किमान तीन महिने भाडं पुढे ढकला, भाड्यापायी कुणाला काढू नका. ती सूचनाच होती, पण निदान काढली गेली. तेव्हा सुचलं ते एरवी का सुचू नये? ज्या विद्यार्थ्याचा हप्ता मंजूर आहे आणि रखडलाय, त्याला समाजकल्याण कार्यालयाने एक पानाचं पत्र द्यावं: अमुक रक्कम येणं बाकी आहे. त्या पत्राने मालकाचं पोट भरणार नाही, मान्य. पण 'हा पळणार' ही भीती तरी कमी होईल. आणि कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळी अँटी-रॅगिंगचा फॉर्म भरून घेतात तसा बाहेर राहणाऱ्यांचा करार एकदा बघून द्यावा. लॉ कॉलेजांमध्ये विधी सेवा केंद्रं असतात. तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रॅक्टिकल मिळेल, पहिल्या वर्षाच्या पोरांना छप्पर. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको म्हटलंय. चांगलंय. पण तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आणि कॉटवर राहणाऱ्याच्या हातात आधी कागद तर आला पाहिजे.

मित्राने परीक्षा माझ्या हॉलमध्ये गादी टाकून दिली. म्हणजे अभ्यास तिथे केला. आमच्या मालकांना मी तो मावसभाऊ आहे असं सांगितलं होतं, आणि त्यांनी ते मानल्यासारखं दाखवलं.

हप्ता जमा झाला तेव्हा पेपर होऊन तीन आठवडे झाले होते. त्याच संध्याकाळी त्याने जुन्या मालकांना उरलेले दोन हजार यूपीआय केले, नोटमध्ये दोन्ही महिन्यांची नावं लिहून. मी म्हटलं, वेडा आहेस का, ज्याने कुलूप तोडलं त्याला? तो म्हणाला, "देणं होतं ना." पलीकडून नुसता एक अंगठा आला. त्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट त्याने मार्कशीटच्या फोल्डरमध्ये सेव्ह करून ठेवलाय.